सरकारने तराजू तपासावा, दुकान मांडू नये

व्यापाऱ्याला मालातला तोटा एका सणाच्या हंगामात भरून काढता येतो. घरात बायपास किंवा कॅन्सरचे आजारपण आले की दुकानाचे मुद्दलच जाते. फलटणहून बारामती, सातारा किंवा पुण्याला रुग्ण हलवावा लागला, तर गाडीभाडे आणि नातेवाईकांचा मुक्काम हा खर्च वेगळाच. म्हणून आरोग्य विमा हा आज खतावणीत मांडण्याचा विषय झाला आहे. या धंद्यात सरकारने किती शिरावे, याचाही विचार आपण व्यापाऱ्यांनी केला पाहिजे.

विम्याचा धंदा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९१३ मध्ये वकील अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबई-कलकत्त्याच्या बाहेर, जिल्ह्याच्या गावीही विमा कंपनी उभी राहू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. साताऱ्याची कंपनीही त्यातच गेली.

काही मालक विमेदारांचा पैसा स्वतःच्या धंद्यात फिरवीत होते, हे सरकारचे कारण खोटे नव्हते. परंतु पुढे काय झाले? १९५७ मध्ये याच महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये घातले गेले. न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे मालक बदलल्याने पैसा सुरक्षित झाला नाही. पूर्वी नाराज विमेदार दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकत होता. आता तो मार्गही बंद झाला.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमाही सरकारने घेतला. १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. सर्वसामान्यांसाठी मेडिक्लेम पॉलिसी आली ती १९८६ मध्ये. खाजगी कंपन्यांना दार उघडले २००० साली. मधली २७ वर्षे गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच नव्हते. पुढे या चारपैकी नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन कंपन्यांत सरकारला २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत १७,४५० कोटी रुपये भरावे लागले. आपल्यापैकी कोणी परवडत नसलेल्या भावाने माल विकला, तर त्याचा तोटा तोच सोसतो. इथे तो करदात्याने सोसला.

कंट्रोलचे कापड आणि शस्त्रक्रियेचा दर

राज्य सरकारची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होता, सातारा नव्हता. शेजारच्या नातेपुत्याच्या रुग्णाला लाभ आणि फलटणच्या रुग्णाला नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाट, असा प्रकार झाला. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी पाच लाखांपर्यंत संरक्षणाचा निर्णय झाला. या योजनेने अनेक गरीब घरे कर्जापासून वाचली, हे कोणीही इमानदार माणूस नाकारणार नाही.

आमचा आक्षेप दर ठरविण्याच्या पद्धतीवर आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर सरकार ठरवते. कापडाच्या धंद्यातील जुन्या मंडळींना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. १९६४ पासून धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल या कापडांचे भाव सरकारने बांधून दिले आणि गिरण्यांना ते विणणे भाग पाडले. भाव खर्चाला पुरेना, तेव्हा गिरण्यांनी सुतात काटकसर केली आणि तूट दुसऱ्या कापडावर काढली. कंट्रोलचे कापड म्हणजे जाडेभरडे, अशीच त्याची ख्याती झाली. १९७४ मध्ये १०३ आजारी गिरण्या सरकारलाच घ्याव्या लागल्या. त्यांच्या आजाराला इतर कारणेही होती, पण बांधलेला भाव हे त्यातले एक होते.

रुग्णालयाचा हिशेब याहून वेगळा नाही. दर अपुरा असेल आणि बिलही उशिरा मिळणार असेल, तर कोणी योजनेतून अंग काढून घेतो, कोणी ‘खाट शिल्लक नाही’ म्हणतो आणि कोणी तूट रोखीने भरणाऱ्या रुग्णावर घालतो. कार्ड हातात असूनही गरीब दारातच उभा राहतो.

यावर कोणी म्हणेल, रुग्ण म्हणजे कापडाचा गिऱ्हाईक नव्हे. छातीत कळ आली असता भाव कोण करणार? हे खरे आहे. म्हणूनच भाव आधी कळला पाहिजे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी रुग्णालयांना दरपत्रक लावणे बंधनकारक केले. त्याची कडक अंमलबजावणी करावी, खोटे बिल करणाऱ्याला शिक्षा द्यावी, दाव्याचा निकाल मुदतीत लावावा. वजनकाटा तपासणे हे सरकारचे काम आहे. गरिबाचा हप्ताही सरकारने जरूर भरावा, परंतु कंपनी आणि रुग्णालय कोणते घ्यायचे, हे त्या कुटुंबाला ठरवू द्यावे.

आणि जो स्वतःच्या पैशाने विमा काढतो त्याला अडवू नये. जुलै २०१७ पासून हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. तीस हजारांच्या हप्त्यावर ५,४०० रुपये नुसता कर! २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरील कर माफ झाला, हे चांगले झाले. परंतु दुकानातील नोकरांसाठी काढलेल्या सामूहिक पॉलिसीला त्या वेळी ही माफी मिळाली नाही. नोकराची काळजी घेणाऱ्या मालकावर हा अन्याय आहे.

दुसरी अडचण परवान्याची. विमा कंपनी काढण्यास कायद्याने किमान शंभर कोटींचे भागभांडवल लागते. एखाद्या तालुक्याच्या व्यापारी संघटनेने किंवा जमातीने सभासदांपुरता आरोग्य विमा चालवायचा म्हटले, तर ही रक्कम आणायची कोठून? लहान संस्थांसाठी ही अट उतरवावी आणि हिशेब तपासणी मात्र कडक ठेवावी. १९१३ साली साताऱ्यात एका वकिलाला जे जमले, ते आज फलटणच्या व्यापाऱ्यांना करू द्यावे, एवढीच आमची मागणी आहे.