यंत्राने कुठे पाहू नये? स्लाइड स्कॅनिंग, डीप लर्निंग आणि अनुपलब्धी

आजचा विषय वैद्यकातला आहे, आणि मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा. तेव्हा व्याख्यानानंतर कुणी रिपोर्ट दाखवायला आणू नये. (हशा) पण बायॉप्सी दिली की रिपोर्ट येईपर्यंत घर कसं होतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं आहे. ती वाट कमी कशी करता येईल, आणि कमी करताना काय सांभाळायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी गोष्ट समजून घेऊ. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, काचपट्टीवर ठेवून रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचा भाग गुलाबी. ही स्लाइड पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. डिजिटल पद्धतीत स्कॅनर तीच स्लाइड टिपतो आणि डॉक्टर ती पडद्यावर बघतात. फायदा उघड आहे. काच कुरिअरने न पाठवता दुसऱ्या गावच्या तज्ज्ञाचं मत घेता येतं. कोविडच्या काळात मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या पॅथॉलॉजिस्टनी याच मार्गाने घरून रिपोर्टिंग केलं. आपल्या पुण्यातही असे स्कॅनर बनवण्याचं काम चालतं, ऑप्ट्रास्कॅन हे त्यातलं एक नाव.

मग अडतं कुठे? साधा हिशेब करू. पंधरा मिलिमीटर लांब-रुंद ऊतीचा काप घ्या. एका बिंदूला पाव मायक्रॉन या बारकाईने टिपला, तर एका बाजूला साठ हजार बिंदू, म्हणजे एकूण ३६० कोटी बिंदू. दाबून लहान केली नाही तर ती एकच प्रतिमा दहा जीबीच्या वर जाते. मोठ्या रुग्णालयात अशा स्लाइड रोज शेकड्यांनी येतात. शिवाय एवढ्या शक्तीच्या भिंगाला एका वेळी जेमतेम एक मायक्रॉनभर खोलीच स्पष्ट दिसते, आणि काप तर त्याहून जाड. म्हणून स्कॅनरला जागोजागी भिंग वर-खाली करून फोकस शोधावा लागतो. यात वेळ जातो. आणि एवढं करून प्रतिमा धूसर आली, तर काच पुन्हा लावायची.

डीप लर्निंग इथे तीन ठिकाणी उपयोगी पडतं. हजारो नमुने दाखवून यंत्राला शिकवायचं, नियम आपण लिहून द्यायचे नाहीत, ही त्याची रीत. पहिलं काम, कमी बारकाईचा एक फोटो बघून ऊती कुठे आहे ते ठरवणं. काचपट्टी पंचाहत्तर बाय पंचवीस मिलिमीटरची. आपला काप तिचा जेमतेम आठवा भाग व्यापतो. उरलेली कोरी काच टिपायची कशाला? दुसरं, एकच धूसर फोटो बघून भिंग किती वर किंवा खाली न्यायचं ते सांगणं. तिसरं, घडी पडलेला काप, हवेचा बुडबुडा, पेनची खूण लगेच ओळखणं, म्हणजे काच यंत्रावर आहे तोवरच दुरुस्ती होते.

आता माझ्या प्रांतात येतो. पहिल्या कामात यंत्र काय म्हणतं? ‘इथे काही नाही.’ आणि ‘नाही’ हे ज्ञान आपल्याला होतं कसं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिकांना ते मान्य नाही. पण एक अट महत्त्वाची मानली गेली, ती योग्यतेची. जमिनीवर घडा नाही, असं मी केव्हा म्हणू शकतो? घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हा. भर दुपारी धायरी फाट्यावर बस दिसली नाही, तर बस नाही. अमावास्येच्या रात्री दिवे गेले असताना काळी मांजर दिसली नाही, म्हणून मांजर नाही असं होत नाही.

हीच कसोटी स्कॅनरला लावा. कमी बारकाईच्या फोटोत चरबी जवळजवळ काचेसारखीच फिकट दिसते. स्तनाच्या बायॉप्सीत चरबी भरपूर असते, आणि तिथल्या एका प्रकारच्या कर्करोगात पेशी एकामागे एक, सुट्या रांगेत पसरतात. तो फिकट भाग यंत्राने ‘कोरा’ म्हणून सोडला, तर ती योग्य अनुपलब्धी नव्हे. रोग असता तरी त्या फोटोत दिसला नसता! वाचलेल्या मिनिटांची किंमत मग पेशंट मोजतो.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधकांनी केलेलं एक काम मला म्हणून आवडतं. ते स्कॅन झालेल्या प्रतिमेवर चालतं, आणि तिच्या तुकड्यांचे सहा वर्ग करतं. त्यात चरबीला स्वतंत्र वर्ग आहे, खराब भागाला वेगळा. ‘ऊती आणि रिकामं’ अशी दोनच खोकी ठेवलेली नाहीत. आणि शिकवताना माणसाला फेऱ्यात ठेवलं आहे: यंत्र सुचवतं, माणूस दुरुस्त करतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न: सर, कमी बारकाईने स्कॅन करून यंत्रानेच चित्र स्पष्ट केलं तर?)

चांगला प्रश्न. तसे प्रयोग झालेले आहेत. अर्ध्या बारकाईने टिपलं तर बिंदू एक चतुर्थांशच राहतात, म्हणून मोह होतो. पण तिथे भरलेला तपशील भिंगाने पाहिलेला नसतो. पूर्वी पाहिलेल्या नमुन्यांवरून ‘इथे असं असावं’ असं यंत्र रंगवतं. ते अनुमान आहे, प्रत्यक्षाचे कपडे घालून आलेलं. अनुमान वाईट नाही. धूर बघून अग्नी आपण रोज ओळखतो. पण डॉक्टरांना कळलं पाहिजे की समोर अनुमान आहे. आणि दुर्मीळ रोग जुन्या नमुन्यांसारखा नसतो, म्हणून तर तो दुर्मीळ!

तेव्हा स्कॅनर झटपट आहे असं कुणी सांगितलं, की तीन गोष्टी विचाराव्यात. यंत्राने काय सोडलं, त्याची नोंद संपूर्ण काचेच्या फोटोवर डॉक्टरांना दिसते का? शंका आल्यावर सोडलेला भाग पुन्हा टिपता येतो का? आणि मूळ काच जपून ठेवली आहे ना? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर वेग जरूर घ्यावा. रिपोर्टची वाट बघणाऱ्या घराला तो हवाच आहे. 

एवढं बोलून थांबतो. उरलेले प्रश्न आता घेऊ या.