‘आश्वासन दिले’, पण कोणाला? इंग्रजी वाक्यातील श्रोत्याची गोष्ट

वडोदऱ्याच्या रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला अलकापुरीचा परिसर सुरू होतो. येथील आर. सी. दत्त रोडवर आणि लगतच्या गल्ल्यांत इंग्रजीचे वर्ग, परदेशी शिक्षणाचे सल्लागार आणि व्हिसाची कागदपत्रे तयार करून देणारी कार्यालये यांच्या पाट्या दिसतात. ज्या रमेशचंद्र दत्तांचे नाव या रस्त्याला आहे, त्यांनी रामायण आणि महाभारत इंग्रजी पद्यात नेले होते. बडोदा संस्थानाचे दिवाण असतानाच १९०९ मध्ये त्यांचे बडोद्यात निधन झाले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज इंग्रजीतील अर्ज, हमीपत्रे आणि उद्देशपत्रे लिहिली जावीत, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

अशा पत्रांत एक वाक्य हमखास आढळते : ‘आय अ‍ॅश्युअर दॅट आय विल रिटर्न टू इंडिया.’ मराठी वा गुजराती घरात वाढलेल्या माणसाला त्यात काहीही खटकत नाही. ‘मी आश्वासन देतो की मी भारतात परत येईन’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. प्रमाण इंग्रजीत मात्र ते अपुरे ठरते. ‘अ‍ॅश्युअर’ या क्रियापदाला आश्वासन कोणाला दिले, हे सांगावेच लागते. ‘आय अ‍ॅश्युअर यू दॅट...’ असे लिहिले तरच वाक्य पायावर उभे राहते.

या भेदाचे मूळ दोन्ही भाषांच्या घडणीत आहे. मराठीत ‘आश्वासन देणे’ या प्रयोगात कर्म ‘आश्वासन’ हे नाम आहे आणि ऐकणारा ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूला उभा राहतो. तो वगळला तरी वाक्याला धक्का लागत नाही. ‘रस्ता पावसाळ्यापूर्वी पूर्ण होईल, असे आश्वासन मंत्र्यांनी दिले’ ही बातमी महाराष्ट्रात आणि गोव्यात नित्य छापली जाते. ते कोणाला दिले, हे कोणी विचारत नाही. इंग्रजीत ऐकणारा माणूस हाच त्या क्रियापदाचे थेट कर्म असतो. लॅटिनमधील ‘चिंतामुक्त’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे हे क्रियापद आले. एखाद्याला निश्चिंत करणे हा त्याचा गाभा आहे. ज्याला निश्चिंत करायचे तोच वाक्यात नसेल, तर क्रिया घडली कोणावर? भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत ‘द मिनिस्टर अ‍ॅश्युअर्ड दॅट’ हा प्रयोग सर्रास चालतो. मात्र त्यामुळे वचन नेमके कोणाला दिले गेले, ही नोंद बातमीतून गळते, आणि पुढे हिशेब मागताना नेमकी तीच नोंद लागते.

‘टेल’चा स्वभाव असाच आहे. ‘ही टोल्ड दॅट ही वॉज इल’ हे चालत नाही. ‘ही टोल्ड मी’ किंवा ‘ही टोल्ड हिज मदर’ असा श्रोता तेथे हवाच. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा एक अर्थ ‘मोजणे’ असाही होता. बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात ते त्यामुळेच. ‘इन्फॉर्म’, ‘नोटिफाय’, ‘रिमाइंड’, ‘कन्व्हिन्स’ ही क्रियापदे याच पंगतीत बसतात. ‘प्लीज इन्फॉर्म दॅट द मीटिंग इज कॅन्सल्ड’ हे कार्यालयीन वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणाला कळवायचे, ते त्यात आले पाहिजे.

दुसऱ्या पंगतीत ‘से’, ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘अनाउन्स’, ‘अ‍ॅडमिट’ आहेत. यांना श्रोत्याची गरज नाही, आणि तो आणायचाच असेल तर ‘टू’ लावून आणावा लागतो. ‘ही एक्स्प्लेन्ड टू मी दॅट...’ हे बरोबर, ‘ही एक्स्प्लेन्ड मी दॅट...’ हे चूक. मराठी माणसाची येथे उलटी फसगत होते. ‘त्याने मला समजावले’ आणि ‘त्याने मला सांगितले’ यांत ‘मला’ एकच असल्याने इंग्रजीतही एकच साचा असावा, असे मन गृहीत धरते. ‘प्रॉमिस’ मात्र सोयीचे आहे. श्रोता असो वा नसो, त्याचे काही अडत नाही. ‘वॉर्न’लाही आज, विशेषतः बातम्यांत, तशीच मोकळीक मिळालेली दिसते.

क्रियापद कोणत्या पंगतीतले, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. वाक्य कर्मणी करून पाहावे. ‘आय वॉज टोल्ड दॅट’, ‘आय वॉज अ‍ॅश्युअर्ड दॅट’ ही वाक्ये सहज होतात, कारण मूळ वाक्यातील श्रोता पुढे येऊन कर्त्याच्या जागी बसतो. ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड दॅट’ होत नाही. तेथे ‘इट वॉज एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’ असेच लिहावे लागते. मराठीतील ‘मला सांगण्यात आले’ या रचनेत ‘मला’ जागचे हलत नाही. त्यामुळे भाषांतरात ‘इट वॉज टोल्ड टू मी दॅट’ असे अवघडलेले वाक्य जन्माला येते.

आता खुद्द ‘दॅट’कडे पाहू. हा शब्द मुळात ‘ते’ या अर्थाचे दर्शक सर्वनाम आहे. ‘तो ते म्हणाला : मी येईन’ अशा काहीशा बोटदाखव्या रचनेतून तो उभयान्वयी अव्यय झाला. मराठीला हे परके वाटू नये, कारण आपले ‘असे’ हेच काम करते. मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी व्याकरणात ‘म्हणून’, ‘म्हणजे’, ‘की’ आणि ‘जे’ ही स्वरूपबोधक अव्यये म्हणून शिकवली जातात. यांतले ‘जे’ आज बोलण्यातून गेले आहे. पेशवेकालीन मोडी पत्रांत मात्र ‘विज्ञापना ऐसीजे’ हा मायना ठायी ठायी भेटतो. ‘ऐसी जे’, म्हणजे ‘ती अशी की’. गायकवाडांच्या राज्यासह मराठी सत्तेचा सारा पत्रव्यवहार ज्या परंपरेत वाढला, तिच्याजवळ ‘दॅट’ला तोलामोलाचा शब्द होता.

वडोदऱ्यातील दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील मराठी मुलाच्या कानावर घरात ‘म्हणाला की’ आणि रस्त्यावर ‘कह्युं के’ पडते. दोन्हींत मजकूर क्रियापदानंतर येतो, इंग्रजीतही तसाच. त्यामुळे शब्दक्रम त्याला अडवत नाही, अडवतो तो श्रोता. गोव्यात चित्र थोडे निराळे आहे. ‘तो फाल्यां येतलो म्हण ताणें सांगलें’ या कोंकणी वाक्यात मजकूर आधी आणि सांगणे नंतर. शेजारच्या कन्नडमध्ये ‘एंदु’ हेच करतो, आणि मराठीतील ‘म्हणून’ व ‘असे’ यांची चालही तीच. ‘की’चा अतिरेक टाळून ‘असे’ने वाक्य बांधणे मराठी बातमीला अधिक शोभते. इंग्रजी लिहिताना मात्र ही सवय उंबऱ्याबाहेर ठेवावी लागते.

अर्ज लिहिणाऱ्याला याचा रोकडा उपयोग आहे. पत्र कोण वाचणार हे ठाऊक नसेल, तर ‘अ‍ॅश्युअर’च्या वाटेला न जाता ‘कन्फर्म’, ‘डिक्लेअर’ किंवा ‘सर्टिफाय’ वापरावे. त्यांना श्रोता लागत नाही. प्रतिज्ञापत्रांत ‘अफर्म’ असते तेही तसेच. ‘एन्शुअर’ हे आणखी वेगळे प्रकरण. त्याचा अर्थ आश्वासन देणे नव्हे, तर एखादी गोष्ट घडेल अशी तजवीज करणे. ‘वी विल एन्शुअर दॅट’ यात श्रोता घुसवला की वाक्य बिघडते. ‘इंटिमेट’ हे क्रियापद आपल्या कार्यालयांत ‘कळवणे’ या अर्थी रुळले आहे. ब्रिटनमधला वाचक मात्र त्यातून ‘आडून सुचवणे’ असा अर्थ घेण्याचा संभव असतो.

राहता राहिला ‘मी’. ‘त्याने आईला सांगितले की मी उद्या परत येईन’ या मराठी वाक्यातला ‘मी’ बोलणाऱ्या मुलाचा आहे. इंग्रजीत तो ‘ही’ होतो, ‘विल’चे ‘वुड’ होते आणि ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’. हा बदल विसरून ‘ही टोल्ड हिज मदर दॅट आय विल रिटर्न टुमॉरो’ असे लिहिले, तर परत येणारा मुलगा नसून लिहिणारा ठरतो. व्हिसाच्या अर्जाला जोडलेल्या पालकांच्या पत्रात असे वाक्य आले, तर प्रवास नेमका कोण करणार, हाच प्रश्न वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभा राहतो.