तेवीस कार्डं आणि एक बटाटा

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, यावर काय व्याख्यान द्यायचं? पण अमेरिकेत ज्यांची मुलं प्राथमिक शाळेत आहेत, त्यांना फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चांगलाच ठाऊक असेल. वर्गशिक्षिकेकडून मुलांच्या नावांची यादी घरी येते. सोबत सूचना: १४ तारखेला कार्डं आणायची तर वर्गातल्या सगळ्यांसाठी आणा. बऱ्याच शाळांत हा नियमच असतो. आपल्याकडे व्हॅलेंटाइन म्हटलं की कॉलेजातली जोडपी आठवतात. तिकडे सात वर्षांचं पोर बुटांच्या खोक्याला लाल कागद चिकटवून त्याची टपालपेटी करतं, आणि सगळे एकमेकांच्या पेटीत कार्डं टाकतात.

मग घरोघरी प्रश्न: कार्डं घरी करायची, की विकत आणायची?

आधी हिशेब करू. वर्गात २४ मुलं धरा. म्हणजे प्रत्येकाला २३ कार्डं लागणार. एका कार्डाला दहा मिनिटं म्हटली तरी २३० मिनिटं, जवळजवळ चार तास. सात वर्षांचं मूल एवढा वेळ बसतं का हो? चौथ्या कार्डाला ते उठतं आणि कात्री आईच्या हातात येते. कार्ड हाताने केलेलं खरं, पण हात कुणाचा?

आता थोडा इतिहास बघू. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी नाताळचं कार्ड छापून घेतलं, कारण येणाऱ्या प्रत्येक पत्राला वेगळं उत्तर लिहायला त्यांना सवड नव्हती. चित्र जॉन हॉर्सली यांचं. रेषा छापलेल्या, रंग मात्र हाताने भरलेले. म्हणजे ते कार्ड अर्धं छापील आणि अर्धं हातचं होतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी एस्थर हाउलँड नावाची मुलगी होती. वडिलांचं कागद-स्टेशनरीचं दुकान. १८४७च्या सुमारास तिच्या हाती एक नक्षीदार इंग्लिश व्हॅलेंटाइन कार्ड पडलं आणि तिने तसली कार्डं करून विकायला सुरुवात केली. मागणी वाढल्यावर तिने बायकांना कामाला बसवलं. एकीने कापायचं, दुसरीने जाळीचा कागद लावायचा, तिसरीने चित्र चिकटवायचं. म्हणजे त्या काळचं दुकानातलं कार्डसुद्धा हातानेच व्हायचं! पुढे छपाई स्वस्त झाली, आणि मुलांसाठी तीसेक कार्डांची पाकिटं मिळायला लागली. त्यात एक कार्ड बहुधा बाईंसाठीही असतं.

आता माझी चूक सांगते. मुलगी दुसरीत असताना मला वाटलं, आपण मधला मार्ग काढू. पाच जवळच्या मैत्रिणींना घरी केलेली कार्डं, बाकीच्या अठरांना पाकिटातली. नियम पाळला, वेळही वाचला. दुपारी लेक गप्प गप्प घरी आली. शेजारी बसणाऱ्या मुलाने तिला विचारलं होतं, "माझं तसलं का नाही?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे माझ्याकडेही नव्हतं. त्या मुलाच्या पेटीत कार्ड होतं, पण ते दुसऱ्या प्रतीचं आहे हे त्याला कळलं. मुलांना हे लगेच कळतं.

तेव्हा लक्षात आलं की घरचं की दुकानातलं हा प्रश्न नंतरचा. सगळ्यांना सारखं मिळतंय का, हा पहिला. आपण संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटायचो, तेव्हा काल भांडलेल्याच्या हातावरही तोच लाडू ठेवायचो. इथेही तेच.

दुसरा प्रश्न, मुलाचं स्वतःचं त्यात काय आहे? पाकिटातल्या कार्डावर मुलाने २३ नावं स्वतः, यादी बघून, नीट स्पेलिंगसह लिहिली, तर ते कार्ड त्याचं झालं. आपल्या मुलांची नावं तिकडे किती मोडतोड होऊन येतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! आपलं नाव बरोबर लिहिलेलं बघून कुठल्याही पोराला बरं वाटतं.

आणि घरीच करायची असतील, तर हाउलँडबाईंची युक्ती वापरा. एकेक कार्ड पूर्ण करत बसू नका, कामं वाटून घ्या. बटाटा अर्धा कापा, कापलेल्या बाजूवर एक साधा आकार मोठ्या माणसाने कोरून द्यावा, आणि रंग लावून ठसे मुलाने उमटवावेत. एका दिवशी घड्या, दुसऱ्या दिवशी ठसे, तिसऱ्या दिवशी नावं. रोज वीस-पंचवीस मिनिटांत आटपतं. ठसा थोडा तिरका आला तर येऊ द्या, तो तुम्ही सुधारायला जाऊ नका.

पुढच्या वर्षी आम्ही हेच केलं. तेवीसही कार्डांवर एकच वेडंवाकडं बदाम होतं, आणि तसलं का नाही म्हणून कुणीच विचारलं नाही.