सायकल, गळ आणि पोटरीचे दुखणे

सायकलचा नाद आणि गळाचा नाद एकाच माणसाला असला की घरात रविवारवरून कुरबुर ठरलेली. दोन्हींना वेळ आणायचा कुठून? वस्तीतल्या पोरांनी याचा तोडगा केव्हाच काढला आहे. काठी सायकलच्या दांडीला बांधायची आणि पहाटेच तळे गाठायचे. तोडगा चांगलाच आहे. पण दोन नाद एकत्र आले की दुखणीही एकत्र येतात, आणि त्यातले एक फार फसवे आहे.

पंचशील घेतलेल्या घरात गळ कसा, हा प्रश्न आमच्या बैठकीत हमखास निघतो. पहिले शील ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे. या पानावर आम्ही शरीरापुरते बोलतो.

मोठ्या माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागणे. तळे अर्ध्या तासावर असेल तर जाऊन-येऊन 60 मिनिटे होतात. म्हणजे एकट्या रविवारावर भागत नाही. कामावर, बाजारात सायकलनेच गेले तर हिशेब जुळतो. गळ टाकून बसणे हा व्यायाम नव्हे. तो मनाचा विसावा, आणि तोही हवाच. फक्त तीन-चार तास उकिडवे बसून लगेच जोरात पायडल मारले की गुडघे आणि कंबर कुरकुरतात. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, परतताना सुरुवातीला सावकाश यावे. सीट फार खाली नको: पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. धाकट्याची सायकल थोरल्याने नेली की इथेच चुकते. गळ खिशात ठेवू नयेत, झाकणाच्या डबीत ठेवावेत. तंगूस नीट गुंडाळावा, चाकात गेला तर तोंडावर आपटाल.

आता ते फसवे दुखणे. पहिल्या पावसात चढणीचे मासे निघाले की कोकणात, ठाणे-रायगडकडे पोरे सायकली बांधावर टाकून ओढ्यात, शेताच्या पाण्यात उतरतात. त्या पाण्यात उंदरांचे, गुराढोरांचे मूत मिसळलेले असते. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या चिरेतून, खरचटलेल्या कातडीतून शरीरात जातात. मुंबईत 2005 च्या महापुरानंतर याच आजाराची साथ आली होती. गळ लागलेले बोट, माशाचा काटा रुतलेला तळवा, चेनने सोललेला घोटा, अशा सगळ्या जखमा जंतूंना वाटच करून देतात.

या आजारात पोटऱ्या भयंकर दुखतात. आणि सायकलवाल्याच्या पोटऱ्या दुखल्या तर घरात काय म्हणतात? "जास्त चालवलीस, तेल लाव." म्हणून दिवस मोजायला शिका. सायकलचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते, मग उतरत जाते, आणि त्यात ताप नसतो. लेप्टो बहुधा पाण्यात उतरल्यावर 5 ते 14 दिवसांनी उठतो: अचानक ताप, थंडी, डोकेदुखी, हात लावू न देणाऱ्या पोटऱ्या, लाल डोळे. मागच्या रविवारी मासे धरले आणि या शनिवारी ताप आला, तर सायकलला दोष देऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली तर थेट मोठे रुग्णालय. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून दिवस ढकलू नका. काही वेदनाशामक गोळ्या अशा आजारात मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नये, काठावरून गळ टाकावा. उतरावे लागलेच तर गमबूट घालावेत, घरी येताच साबणाने पाय धुवावेत. जखमेसह पाण्यात उतरलेल्याने ताप येण्याची वाट न बघता 72 तासांच्या आत दवाखान्यात जावे. डॉक्टर डॉक्सिसायक्लिन द्यायचे की नाही ते ठरवतात. गरोदर बाई आणि लहान मुले यांचे औषध वेगळे असते, म्हणून एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये.

बरीच पोरे घरी न सांगता मासे धरायला गेलेली असतात. मग दवाखान्यातही "सायकल चालवली" एवढेच सांगतात आणि पाण्याचे लपवतात. आयांनो, अशा वेळी पोराला ओरडणे नंतर. आधी त्याच्याकडून पाण्यात उतरल्याची तारीख काढून घ्या आणि डॉक्टरांना सांगा.