लहान इंजिनाची मोठी भूक

ग्लासगो विद्यापीठात विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती होती. १७६३ च्या हिवाळ्यात ती दुरुस्तीसाठी जेम्स वॅट या तरुण कारागिराकडे आली. त्याने ती चालू केली, पण दट्ट्या थोडा वेळ खालीवर होई आणि वाफ संपे. बॉयलर तर पुरेसा मोठा दिसत होता. मग वाफ जात कुठे होती?

खाणीतले मूळ इंजिन असे चाले: सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. दर वेळी सिलिंडर थंड पडे, आणि पुढची बरीचशी वाफ तो तापवण्यातच खर्च होई. मोठ्या इंजिनात ही उधळपट्टी खपून जाई. दोन इंच व्यासाच्या पितळी सिलिंडरमध्ये ती उघडी पडली.

याचे एक कारण भूमितीत आहे. लांबी, रुंदी, उंची निम्मी केली की पृष्ठभाग पाव होतो, आकारमान मात्र एक अष्टमांश. म्हणजे आकारमानाच्या मानाने उष्णता गळायला दुप्पट जागा. नवजात बाळाचेही हेच. तीन किलोच्या बाळाची त्वचा वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे अडीच पट असते, म्हणून ते चटकन गार पडते. जन्मल्यावर पुसून कोरडे करावे, टोपरे घालून आईच्या छातीशी ठेवावे, असे सांगतात ते यासाठीच. पहिल्याच दिवशी न्हाऊ घालण्याचा आजीचा हट्ट गोड बोलून मोडावा, तोही यासाठीच!

वॅटला १७६५ मध्ये उपाय सुचला. वाफ सिलिंडरमध्ये न निववता वेगळ्या थंड पात्रात निववायची; सिलिंडर गरमच राहील. १७६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ती प्रतिकृती आजही ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे.

जुन्या इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती बनवणारे हौशी कारागीर आजही सिलिंडरला लाकडी पट्ट्यांचे वेष्टण घालतात. बॉयलर बहुधा तांब्याचा, चांदीच्या डाकाने जोडलेला. त्याची पहिली परीक्षा वाफेने नव्हे, तर थंड पाण्याने, नेहमीच्या दुप्पट दाबाने घेतात. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही. सांधा उसवलाच तर चिळकांडी उडते. वाफ असती तर हातावर आणि डोळ्यांवर बेतले असते. जुनी प्रतिकृती विकत घेतली असेल, तर बॉयलरभोवतीचे आवरण मात्र खरवडू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की आजार दिसायला कित्येक वर्षे लागतात.