लाल पेशींची राखण



रक्तदान शिबिरात बऱ्याच जणांनी आम्हांस विचारले, "पिशवी तर भरली, मग ही वेगळी नळी कशाला हो साहेब?" त्याचा खुलासा करणे आम्हांस जरूर वाटते.

ती नळी तपासणीसाठी असते. रक्तगट दोन बाजूंनी पाहतात. आधी तुमच्या लाल पेशी तपासतात. मग तुमच्या रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, प्रयोगशाळेत राखून ठेवलेल्या ए, बी व ओ गटांच्या पेशींत मिसळतात. कोणत्या पेशी एकमेकींना चिकटतात, त्यावरून गट पक्का ठरतो.

एकच बाजू पाहिली तर घात होऊ शकतो. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी एक निराळा गट शोधला, तोच 'बॉम्बे रक्तगट'. अशा माणसाच्या पेशी ओ गटासारख्या दिसतात. पण त्याचे रक्तद्रव ओ पेशींनाही चिकटवते. त्याला ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते. हा फरक राखून ठेवलेल्या ओ पेशीच दाखवतात.

आता त्या टिकवायच्या कशा? तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उतारा जातो, हे आपणांस ठाऊकच आहे. लाल पेशीही शरीराबाहेर आल्या की खालावत जातात. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये राऊस व टर्नर यांनी दाखवले, की सायट्रेटबरोबर साखर घातल्यास पेशी काही आठवडे टिकतात. सायट्रेटने रक्त गोठत नाही, ग्लुकोजवर पेशी जगतात. पुढे १९४१ सालचे आल्सेव्हर द्रावण आले. त्यात ग्लुकोज, सायट्रेट व मीठ असते. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, म्हणून मिठाचे प्रमाण नेमके लागते. वरचे पाणी लालसर झाले, की पेशी फुटल्या असे समजून ती बाटली बाद करतात.

थंडावा २ ते ८ अंशांचा हवा. अकोल्याच्या उन्हात पेशी खराब होतात आणि बर्फ झाल्या तरी फुटतात. म्हणून कुणी रक्ताची नळी अकोल्यास पोचवायला दिली, तर ती थंड पेटीतूनच न्यावी, उघड्या बर्फाला टेकवू नये, जोरात हलवू नये, वाटेत थांबू नये. नळीवरचे नाव आधी वाचून घ्यावे.

पुढील शिबिरात ती नळी सर्वांनी निःशंक मनाने द्यावी, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी