दगडातील शंख-शिंपले

आळे परिसरात विहीर खणताना तुम्ही पाहिली आहे का? वर माती असते, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याही खाली काळा कातळ लागतो. त्याच्या पोकळीत कधी कधी पांढरे, चमकदार खडे सापडतात. ते दिसायला सुंदर असतात, पण ते जीवाश्म नव्हेत. हा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर आलेला लाव्हा. तापलेल्या लाव्ह्यात शंख-शिंपले टिकतील कसे?

पण लाव्हा सतत वाहत नव्हता. एक थर थंड होई, त्यावर पाणी साचे, गाळ बसे. त्या पाण्यात जीव वाढत. मग पुन्हा लाव्हा येई आणि तो गाळ झाकला जाई. आपल्याच राज्यात, नागपूरजवळ टाकळी येथे असा गाळाचा थर आहे. नागपूरला राहणारे पाद्री स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी या भागातील जीवाश्म गोळा केले आणि १८५५ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला याच हिस्लॉप यांचे नाव दिलेले आहे.

या थरांतील एका गोगलगाईचा शंख अभ्यासकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याचे नाव फायसा प्रिन्सेपी. तो ओळखायचा कसा? शंखाचे टोक वर धरा व तोंड आपल्याकडे करा. बहुतेक शंखांचे तोंड उजव्या बाजूला येते. फायसाचे मात्र डाव्या बाजूला येते. आजही फायसा तळ्यात व डबक्यात राहते, समुद्रात नाही. म्हणून त्या ठिकाणी गोडे पाणी होते, असे अनुमान निघते.

ते पाणी कोणत्या काळातले, हे सांगणे कठीण गेले. १८६० साली हिस्लॉप यांनी हे थर डायनोसॉरच्या युगानंतरचे मानले होते. पुढे किरणोत्सर्गी द्रव्यांवरून खडकाचे वय काढता येऊ लागले. तेव्हा लाव्ह्याचा बराच भाग डायनोसॉरच्या युगाच्या अगदी अखेरीस बाहेर पडला, असे आढळले.

आता समजा, दगडात शंखाऐवजी दोन झडपांचा शिंपला दिसला. येथे फसगत होऊ शकते. नदीकाठचा एक शिंपला हातात घ्या. त्याच्या दोन्ही झडपा आरशातील प्रतिमेप्रमाणे सारख्या असतात, पण एकच झडप पाहिली तर ती एका बाजूला झुकलेली दिसते. ब्रॅकिओपॉड नावाच्या सागरी प्राण्यात याच्या उलट असते. त्याच्या दोन झडपा एकमेकींसारख्या नसतात, पण प्रत्येक झडपेचे डावे व उजवे अर्धे भाग सारखे असतात. अनेक जातींत एका झडपेच्या चोचीजवळ भोक असते. त्यातून मांसल देठ बाहेर येई व प्राणी त्याने खडकाला चिकटून राही. ब्रॅकिओपॉडला नदीतला शिंपला समजलात, तर समुद्राच्या जागी नदी दाखवाल! ही चूक लहान नव्हे.

कार्बोनिफेरस काळात, म्हणजे सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, हे प्राणी समुद्रात फार होते. आपल्या देशात त्यांचे जीवाश्म पाहायचे तर काश्मीरकडे वळावे लागते. लिद्दर नदीच्या खोऱ्यात या काळातील चुनखडक आहे. सिरिंगोथायरिस या ब्रॅकिओपॉडवरूनच त्या खडकाला नाव मिळाले आहे. याची एक झडप उंच असून चोचीखाली रुंद, त्रिकोणी सपाट भाग असतो. आज डोंगर आहेत तेथे त्या काळी समुद्र होता, ही गोष्ट अशा शिंपल्यांवरून कळते.

नुसते नाव ओळखून काम संपत नाही. दोन्ही झडपा जुळलेल्या असल्या, तर प्राणी बहुधा राहत्या जागेजवळ लवकर गाडला गेला असावा. झडपा सुट्या व फुटक्या असल्या, तर लाटांनी त्या वाहून आणल्या असाव्यात. यासाठी अनुभवी अभ्यासक शिंपला लगेच उचलत नाहीत. तो कोणत्या थरात आणि कोणती बाजू वर करून पडला आहे, हे ते आधी वहीत लिहून घेतात.